कावळे आणि साळुंक्यांपलीकडे काहीच दिसत नाही, तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. तुम्ही उपनगरात तिसऱ्या मजल्यावर राहता. दोन महिने रोज सकाळी गॅलरीत उभं राहून पक्षी बघताय, पण कावळे, पारवे, साळुंक्या आणि क्वचित पोपट यापलीकडे काही दिसत नाही. मोबाइलवरचं ॲप आवाज ऐकून दहा-बारा नावं सांगतं, त्यातला एकही पक्षी डोळ्यांना सापडत नाही. धान्य ठेवलं तर फक्त पारवे आले. पहाटे कुणीतरी फार गोड शीळ घालतं, ते कोण हे कळत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, की जागाच वाईट आहे, की चांगली दुर्बीण घ्यायला हवी?

मला वाटतं, जागेचा दोष बहुधा नाही आणि दुर्बिणीची अजून घाई नाही. तुमची खरी अडचण तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे: "बाकी नेहमीचेच, त्यामुळे लिहिण्यासारखं काही नाही." नेहमीच्या पक्ष्यांना तुम्ही मोजणीतून काढून टाकलंय. पण नवा पक्षी दिसतो तो या नेहमीच्यांच्या आधारानेच. हे जरा सविस्तर सांगते, कारण मी गेली एकवीस वर्षं एकाच वसाहतीतले पक्षी लिहून ठेवते आहे आणि दर हिवाळ्यात नव्याने सुरुवात करणाऱ्या चार-पाच जणांना बरोबर घेऊन फिरते. जवळजवळ प्रत्येकजण पहिल्या दोन महिन्यांत तुमच्यासारखंच बोलतो. मग त्यांच्याच गॅलरीत तासभर बसलं, की चौदा-पंधरा जाती लिहून होतात.

अर्थात काही गोष्टी जागेवर अवलंबून आहेत. घरासमोर जुनं, ढोली असलेलं झाड आहे का, जवळपास नाला किंवा डबकं आहे का, एखादा पडीक प्लॉट गवत न कापता तसाच आहे का, यावर बराच फरक पडतो. तीनही असतील तर वर्षभरात चाळीसच्या आसपास जाती सहज होतात. चहूबाजूंनी काँक्रीट आणि शोभेच्या झुडपांची एक ओळ असेल, तर पंधरा-वीसवर समाधान मानावं लागेल. महिनाही महत्त्वाचा. वीण उरकली की पक्षी पिसं झडवतात, गातही नाहीत, झाडीत दबून राहतात. त्या दिवसांत सुरुवात केलेल्याला जागा सुनी वाटते. तुमची गॅलरी पूर्वेला असेल तर सकाळी ऊन समोरून येतं आणि प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. तसं असेल तर जिन्याच्या खिडकीतून किंवा गच्चीच्या दुसऱ्या बाजूने बघा, सूर्य पाठीशी राहील असं.

आता मुख्य मुद्दा. पक्षी ओळखताना सगळ्यात आधी लागतो आकार, आणि आकार सेंटिमीटरमध्ये कळत नाही. झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी अठरा सेंटिमीटरचा आहे की पंचवीसचा, हे मलाही सांगता येणार नाही. पण तो साळुंकीपेक्षा लहान आहे का मोठा, हे सांगता येतं, कारण साळुंकी मी हजारो वेळा पाहिली आहे. म्हणून पक्ष्यांच्या वर्णनात "चिमणीएवढा", "साळुंकीएवढा", "कावळ्याहून मोठा" असं लिहिलेलं असतं. चिमणी साधारण पंधरा सेंटिमीटर, बुलबुल वीस, साळुंकी तेवीस-पंचवीस, गावकावळा चाळीसच्या वर. ही तुमची मोजपट्टी. ती डोळ्यांत बसण्यासाठी साळुंकीकडे नीट बघायला हवं. ती चालते, चिमणी उड्या मारते. उडताना साळुंकीच्या पंखात पांढरा डाग झळकतो. डोळ्याभोवती पिवळी कातडी असते. हे इतकं पाठ होऊ द्या, की समोरून साळुंकी उडाली तर नाव मनात यायच्या आधी कळावं. मग एखाद्या दिवशी साळुंक्यांच्या घोळक्यात एक जरा सडपातळ, बदामी अंगाची, डोक्यावर काळा भांग पाडल्यासारखी मैना दिसेल आणि "ही आपली नव्हे" असं चटकन वाटेल. ती भांगपाडी मैना. मी स्वतः ती कितीतरी वर्षं साळुंकी म्हणून सोडून दिली असणार.

कावळ्यांचंही तसंच, आणि कावळ्यांवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण उपनगरात पक्षी दाखवणारा याच्यासारखा दुसरा सोबती नाही. आधी बघा, तुमच्याकडे एक कावळा आहे की दोन. मानेला राखाडी पट्टा असलेला तो गावकावळा. पूर्ण काळा, जाड चोचीचा, खर्जातल्या आवाजाचा तो डोमकावळा. झाडी असलेल्या भागात दोघंही असतात.

दुसरं, कावळे कशावर ओरडतात ते ऐका. भक्ष्याच्या शोधात फिरणारा शिक्रा, ढोलीतून दिवसा बाहेर डोकावलेला पिंगळा, झाडावर चढलेलं मांजर, यातलं काहीही दिसलं की कावळे एकत्र येऊन गोंगाट करतात, आणि तो गोंगाट त्यांच्या रोजच्या कावकावीपेक्षा वेगळा असतो: घाईचा, घशातून ओढलेला. मी माझ्या भागातले बहुतेक शिक्रे आणि घुबडं कावळ्यांमुळे पाहिली आहेत. कावळ्यांची गर्दी कुठल्या फांदीकडे तोंड करून बसली आहे ते बघायचं आणि त्या दिशेला शांतपणे शोधायचं. बुलबुल आणि शिंपी हे लहान पक्षीसुद्धा असाच ओरडा करतात. लहान पक्ष्यांचा आवाज एका झुडपाभोवती अचानक वाढला, तर खाली साप किंवा मांजर, किंवा वर शिक्रा आहे असं समजून बघावं.

आणि उन्हाळ्यात कावळा ज्याच्या मागे लागलाय तो पक्षी बघाच. चकचकीत काळा, लांब शेपटीचा, लालभडक डोळ्यांचा, फिकट चोचीचा, हा कोकीळ. "कुहू" हा नरच म्हणतो. मादी तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची असते आणि "किक्-किक्-किक्" असा घाबराघुबरा आवाज काढत पळते. तिला पाहून अनेकजण हा वेगळाच पक्षी समजतात. ती कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्याआधी उबतं, त्यामुळे तिचं पिल्लू चारा मिळवण्यात पुढे राहतं. कावळ्याची पिल्लं बहुधा त्याच घरट्यात त्याच्याबरोबर वाढत असतात. पावसाच्या सुरुवातीला एखादा कावळा आपल्याहून लहान, वेगळ्या शेपटीच्या, कर्कश ओरडणाऱ्या पिल्लाच्या तोंडात घास घालताना दिसला, तर थांबून बघा. एवढं मोठं नाट्य तिसऱ्या मजल्यावरून अगदी नजरेच्या पातळीवर दिसतं. जमिनीवरून बघणाऱ्याला ही सोय नाही. तुमची गॅलरी झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर आहे, ही जमेची बाजू आहे.

आता ॲपबद्दल. आवाज ऐकून नावं सांगणारं मर्लिन मीही वापरते आणि नवशिक्यांना वापरायला सांगते. त्याने सांगितलेली नावं बऱ्याचदा बरोबर असतात, पण त्यांना पुरावा समजू नका, इशारा समजा. ॲपने "शिंपी" म्हटलं, तर तो जवळ असेल असं धरून शोधा, दिसला की मग लिहा. एका सकाळी माझ्या मोबाइलवर तीनदा शिक्रा आला. आवाजही मला शिक्र्याचाच वाटला. दहा मिनिटं आभाळ धुंडाळलं, शेवटी समोरच्या तारेवर बसलेला कोतवाल पक्षी तो आवाज काढताना दिसला. कोतवाल शिक्र्याची नक्कल करतो, साळुंक्या घाबरून उडतात आणि त्यांचा किडा हा पळवतो. त्या दिवशी मी आणि ॲप दोघंही आवाजापुरते बरोबर होतो, पक्ष्यापुरते चुकलो होतो. डोळ्यांनी खात्री करायची सवय तेव्हापासून मी कधी सोडलेली नाही.

तुमच्या यादीतली नावं तुम्हाला दिसत नाहीत याचं कारण साधं आहे. उपनगरातले निम्मे पक्षी आधी ऐकू येतात आणि त्यातले बरेचसे लहान आहेत, पानांआड राहतात. म्हणून आवाज एकेक करून शिका, एका आठवड्याला एकच. एकदम दहा शिकायला गेलात तर एकही राहणार नाही. मी हा क्रम सुचवते.

पहिला तांबट. उन्हं तापायला लागली की "टुक्... टुक्... टुक्..." असा एका लयीत, तांब्याचं भांडं ठोकल्यासारखा आवाज सुरू होतो आणि बराच वेळ थांबत नाही. आवाज ओळखणं सोपं, पक्षी शोधणं कठीण. ओरडताना त्याची चोच बंद असते, घसा फुगतो, आणि तो डोकं इकडून तिकडे फिरवत राहतो, त्यामुळे आवाज कुठून येतोय ते कळत नाही. उपाय असा, की झाडाची वाळकी, बिनपानांची टोकं बघायची. चिमणीहून थोडा मोठा, ठेंगणा, हिरवा पक्षी; कपाळ आणि छातीवरचा पट्टा लाल, डोळ्याभोवती पिवळं. पहिल्यांदा नीट दिसतो तेव्हा हे सगळे रंग एवढ्याशा अंगावर कसे मावले याचं नवल वाटतं. तो कुजक्या फांदीत भोक पाडून घरटं करतो. म्हणून सोसायटीत वाळक्या फांद्या सरसकट छाटायचा विषय निघाला, की मी तरी एकदा बोलून बघते: जी फांदी कुणाच्या डोक्यावर पडणार नाही ती राहू द्या.

दुसरा शिंपी. अंगठ्याएवढं शरीर, पण आवाज असा की मोठा पक्षी वाटावा: "टुविट-टुविट-टुविट", न थकता. हिरवट पाठ, तांबूस टोपी, वर उचललेली शेपटी. कुंडीतल्या मोठ्या पानांच्या झाडातही घरटं करतो. पानाच्या कडांना भोकं पाडून कोळिष्टकांनी आणि धाग्यांनी ती शिवतो. दोन पानं शिवलेली दिसली तर हात लावू नका.

तिसरा भारद्वाज, घुमणारा "हूप-हूप-हूप", विहिरीतून आल्यासारखा. हा कावळ्याएवढा, विटकरी पंखांचा, जमिनीवर चालणारा. कोकिळेच्या कुळातला असूनही स्वतःचं घरटं स्वतः बांधतो आणि पिल्लंही स्वतःच वाढवतो. चौथा खंड्या. याचा लांब, उतरत जाणारा किलकारीसारखा आवाज ॲन्टेनावरून येतो. खंड्या म्हणजे पाण्याजवळच असणार, असं धरून लोक त्याला शोधतच नाहीत. पांढऱ्या छातीचा हा खंड्या पाण्यापासून बराच दूर राहू शकतो. किडे, पाली, सरडे, सगळं खातो. पाचवा सूर्यपक्षी, म्हणजे शिंजीर: फुलांजवळून येणारं बारीक, टोकदार "चिविट-चिविट". नर विणीच्या दिवसांत काळाजांभळा चमकतो, आणि नंतर बहुतेक रंग उतरून पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक गडद रेघ राहते. त्या अवस्थेत तो वेगळ्या जातीचा समजला जातो, एवढं लक्षात ठेवा.

बुलबुल, होले, सातभाई, वटवट्या, सुभग हे मग आपोआप येतील. पावसाच्या तोंडावर "पेरते व्हा, पेरते व्हा" असं चढत जाणाऱ्या सुरात ओरडणारा पावशा उपनगरातही असतो. तो दिसेल न दिसेल, पण त्याचा आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: नेहमीचे पाच-सहा पक्षी मोजपट्टीसारखे पक्के करा, कावळ्यांच्या ओरड्याकडे लक्ष द्या आणि आठवड्याला एक आवाज शिका. आता बसायचं कसं, ते.

तुम्ही लिहिलंय, की रोज पाच-सात मिनिटं गॅलरीत उभे राहता. हे कमी पडतं. माणूस गॅलरीत आला की जवळचे पक्षी सरकतात, आणि परत यायला त्यांना सात-आठ मिनिटं लागतात. म्हणजे ते परत यायच्या वेळेला तुम्ही आत जाता. खुर्ची टाका, बसा, वीस मिनिटं तरी हलू नका. रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस, पण पूर्ण वीस मिनिटं. उजाडल्यापासून पहिले दोन तास सर्वांत चांगले, त्यानंतर दुपार कलल्यावरचा तास. नजर सगळीकडे भिरभिरू देऊ नका. चार-पाच ठिकाणं ठरवा आणि त्यांच्यावरून क्रमाने फिरवा: विजेची तार, सर्वांत उंच वाळकं टोक, फुलावर आलेलं झाड, फळलेला वड, पिंपळ किंवा उंबर, आणि नाल्याचा काठ.

तारेवर बसणारे सोपे. वेडा राघू आणि कोतवाल तारेवरून झेप घेतात, हवेत किडा धरतात आणि बहुतेक वेळा त्याच जागी परत येतात. म्हणून उडाला तरी नजर तिथेच ठेवा. वेडा राघू मधमाशी पकडून आणतो आणि तारेवर आपटून तिची नांगी काढतो, तेही दिसेल. पिंपळाला फळं आली की तांबट, बुलबुल, कोकीळ, हळद्या, साळुंक्या एकाच झाडावर येतात. अशा झाडाखाली मी तासन् तास काढले आहेत. हिवाळा सरताना पांगारा, काटेसावर, पळस फुलले की तीच गर्दी तिथे जमते, आणि तिच्यात भोरड्या असतात: गुलाबी अंग, काळं डोकं, प्रचंड कलकलाट. त्या मध्य आशियाच्या बाजूने येतात आणि उन्हाळा कडक होण्याआधी परततात. नाल्याचा काठ लोक टाळतात. वास येतो, मान्य. पण तिथे वंचक नावाचा बगळा बसलेला असतो, मातीच्या रंगाचा, अगदी दिसेनासा. उडाला की पांढरे पंख उघडतात आणि डोळे दिपतात. हिवाळ्यात तिथेच धोबी शेपटी वरखाली करत फिरतो.

दुर्बिणीबद्दल थोडक्यात. दोन-तीन महिने असे बसलात आणि तरीही ओढ वाटली, तर घ्या. 8 गुणिले 42 घ्या: 8 पट मोठं दाखवणारी, समोरचं भिंग 42 मिलिमीटरचं. 10 पटीच्या मोहात पडू नका. हात थरथरला तर ती थरथरही 10 पट मोठी होते, आणि दृश्याचा घेर लहान झाल्यामुळे नवशिक्याला पानांत पक्षी सापडत नाही. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप खाली करून बघा. चष्मा लावूनही पूर्ण गोल दिसला पाहिजे. उजव्या डोळ्याच्या नळीवरची फिरकी एकदा आपल्या नजरेप्रमाणे लावून घ्यावी लागते, ते अनेकांना कुणी सांगतच नाही आणि मग दुर्बीण धूसर आहे असं त्यांना वाटत राहतं. पक्ष्यावर नजर खिळवून ठेवा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. खाली बघून दुर्बीण लावलीत तर पक्षी हरवतो. सूर्याच्या दिशेला कधीही धरू नका.

धान्याचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तुम्ही चांगल्या हेतूने ठेवताय आणि ते थांबवा असं मला सांगावं लागतंय. पारव्यांचे पूर्वज कड्याकपारीत घरटी करणारे. आपल्या इमारतींचे सज्जे त्यांना कडेच वाटतात, आणि ते जवळजवळ वर्षभर वीण करू शकतात. बहुतेक लहान पक्ष्यांना पिल्लं वाढवायला किडे लागतात. पारवा मात्र पिल्लांना स्वतःच्या घशातलं दुधासारखं द्रव्य भरवतो, त्यामुळे नुसत्या दाण्यावरही त्याचं कुटुंब वाढतं. म्हणजे दाणा टाकला की इतरांपेक्षा पारव्याचाच फायदा जास्त होतो. शिवाय त्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काहींना फुफ्फुसाचा गंभीर, चिवट आजार होतो. घरात दम्याचं माणूस असेल तर हा धोका अजिबात पत्करू नका.

चिमणीच्या पिल्लालाही किडेच लागतात. चिमणी दाणे खाते म्हणून दाणे ठेवले की चिमण्या वाढतील, हे म्हणूनच तितकंसं खरं नाही. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा 2020 सालचा अहवाल आला, तेव्हा देशभराच्या हिशेबात चिमणीची संख्या बऱ्यापैकी टिकून असल्याचं दिसलं, पण मोठ्या महानगरांत ती घटते आहे असंही दिसलं. तुमच्याकडे चिमण्या असतील तर त्या कुठे आहेत, कोणत्या भोकात जातात, हे लिहून ठेवाच.

दाण्याऐवजी पाणी ठेवा. पसरट, उथळ मातीचं भांडं, पाणी दोन-तीन सेंटिमीटरच, मध्ये एक खडबडीत दगड, म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकता येतो. रोज ओतून, घासून, नवं भरा. डास होत नाहीत आणि पक्ष्यांत रोगही पसरत नाहीत. भांडं काचेच्या खिडकीपासून काही मीटरवर ठेवू नका, एक तर मीटरभराच्या आत ठेवा किंवा बरंच लांब. काचेत आभाळाचं प्रतिबिंब दिसतं आणि घाबरून उडालेला पक्षी त्यावर आदळतो. बुलबुल पहिल्या आठवड्यात येतात. शिंजीर आणि चष्मेवाला हे पक्षी यायला वेळ लागतो. कुंड्यांत जास्वंदीसारखी, मधाच्या फुलांची झाडं लावलीत आणि त्यांच्यावर कीटकनाशक मारलं नाहीत, तर शिंजीर नक्की येईल. पानं कुरतडलेली दिसली तर सुरवंट आहे असं समजा, आणि सुरवंट म्हणजे शिंपीच्या पिल्लांचं जेवण.

लिहिण्याबद्दल. नावांची यादी करू नका, नुसत्या यादीने लवकर कंटाळा येतो. तारीख, वेळ, किती मिनिटं बसलात, कोण किती, आणि काय करत होता. "साळुंकी 6, दोघी तोंडात गवत घेऊन पाइपच्या भोकात" ही नोंद "साळुंकी" या एका शब्दापेक्षा कितीतरी मोलाची आहे. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात ती पुन्हा दिसते की नाही, हे तुम्हाला तपासता येतं. माझ्या वहीत पहिला धोबी दरवर्षी साधारण त्याच पंधरवड्यात लिहिलेला आहे आणि आता मी त्या दिवसांत त्याची वाट बघते. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्यात तर त्या अभ्यासकांच्याही कामी येतात. ते 2002 पासून चालू आहे. तिथे "दिसलेले सगळे पक्षी नोंदवले" असं सांगता आलं पाहिजे, म्हणजे कावळा आणि पारवाही. दर फेब्रुवारीत चार दिवस अंगणातल्या पक्ष्यांची जागतिक मोजणी असते, 1998 साली उत्तर अमेरिकेत सुरू झालेली आणि आता जगभर चालणारी. कमीत कमी पंधरा मिनिटं एका जागी मोजायचं, एवढीच तिची अट. गॅलरीतून भाग घेता येतो. पहिला प्रयत्न तिथूनच करा.

एक विनंती. घरटं सापडलं तर लांबून बघा, फांद्या बाजूला करून फोटो काढू नका. आपण गेल्यावर कावळा तिथे येतो, त्याला वाट आपणच दाखवलेली असते. आणि पक्षी बाहेर यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. नराला वाटतं दुसरा नर घुसलाय. पिल्लांना भरवायचं सोडून तो तुमच्या फोनशी भांडत राहतो.

आता पहाटेची शीळ. तुम्ही वर्णन केलंय: उजाडायच्या आधी, उंचावरून, दर वेळी थोडी वेगळी, मध्येच दुसऱ्या पक्ष्यांचे सूर मिसळलेली, आणि साधारण उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून ऐकू येते. न बघता खात्रीने सांगणं बरोबर नाही, पण तो दयाळ असण्याची शक्यता फार मोठी आहे. उद्या पंधरा मिनिटं आधी उठा. झाडात शोधू नका. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी, तिचा पाइप, ॲन्टेना, दिव्याचा खांब, जे सर्वांत उंच टोक असेल ते बघा. बुलबुलाएवढा पक्षी, वरून काळा, पोट पांढरं, पंखात लांब पांढरा पट्टा, शेपटी वर उचललेली. दिसला की लगेच आत जाऊ नका. गाणं थांबल्यावर तो खाली कुठे उतरतो ते बघा, कारण तिथे आसपास मादी असेल: तशीच, पण काळ्याच्या जागी करडी. तिच्या चोचीत काडी आहे की किडा, तेही वेळेसकट लिहून ठेवा. काडी असेल तर घरटं बांधणं चालू आहे. किडा असेल तर पिल्लं बाहेर आली आहेत, आणि पुढचे दोन-तीन आठवडे तुमच्या गॅलरीसमोर रोज काहीतरी घडणार आहे.